माफीचा नमुना

जे. पी. नगर, बेंगळुरू
मंगळवार

प्रिय आई,

सलाम. मोकळं माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली लिहून देऊ शकतं का? पंधरा दिवसांपूर्वी फोनवर तू म्हणालीस की देऊ शकतं, आणि मी गप्प बसले. तुला वाटलं मला पटलं. पटलं नव्हतं, उत्तर येत नव्हतं. अजूनही येत नाही. घरातली पहिली पदवी म्हणून तू माझ्या सर्टिफिकेटला काच लावून ते भिंतीवर अडकवलंस, आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या एका वाक्यापुढे माझी बोबडी वळली. तुला आठवत नसेल म्हणून ते वाक्य इथे परत लिहिते. तू म्हणालीस, "अगं, मी मोकळी आहे म्हणूनच सही करू शकते. ज्याच्या मनात भीती त्याला सही जड जाते. देवाला खरं काय ते माहीत आहे. मी सही करते, तुझं लग्न चर्चमध्ये होऊ दे."

मला राग आलाय, आई. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना पोरीचा आवाज असा का येतोय हे तू शोधत बसणार नाहीस. आपल्या चर्चच्या भगवंतरावांचा आलाय, तिथल्या सगळ्या पंचांचा आलाय, इथल्या संगतीच्या अण्णांचा आलाय, आणि तुझाही आलाय. अकरा वर्षं ज्या माफीच्या कागदाला तू हात लावला नाहीस, त्याच्यावर आता माझ्या लग्नासाठी सही करायला निघालीस. आणि तो कागद लिहायचा कुणी, तर मी. "तू शिकलेली आहेस, नीट शब्दांत लिहून पाठव, मी खाली नाव काढते." एवढ्यासाठी शिकवलंस का मला?

भगवंतरावांनी तुझ्या फोनवर पाठवलेला नमुना तू मला पुढे पाठवलास. मी, खाली सही करणार, माझ्या आईच्या मरणानंतर मूर्तिपूजकांच्या विधीत भाग घेऊन प्रभूचे मन दुखावले व मंडळीला कमीपणा आणला, याचा मला पश्चात्ताप होत आहे. खाली तारखेसाठी रिकामी जागा, दोन साक्षीदारांसाठी रिकामी जागा. त्यांच्याकडे असा नमुना तयारच होता, म्हणजे तुझ्याआधी कुणाकुणाकडून तो भरून घेतला असेल, हे मनात आलं. तरी मी लिहायला बसले. ऑफिसात दिवसभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते, तीन दिवस संध्याकाळी येऊन तुझी चूक शोधत होते. मला असं एक वाक्य हवं होतं जे खरं असेल आणि त्यांनाही चालेल. "आई वारल्यावर लेक म्हणून जे करायचं ते मी केलं" हे खरं होतं, त्यांना चाललं नसतं. "माझ्यामुळे कुणाचं मन दुखावलं असल्यास" हे त्यांनी कदाचित घेतलं असतं, पण दुखावलं कुणाचं मन, आई? सतरा वेळा लिहिलं आणि सतरा वेळा खोडलं.

लिहिता लिहिता आजीचा तो उन्हाळा आठवत राहिला. दादांशी लग्न करून तू बाप्तिस्मा घेतलास, पण आजी तिच्या गावात, तिच्या देवांजवळच राहिली, आणि त्यावरून तुम्हा मायलेकींचं कधी वाजलं नाही. तिला मुलगा नव्हता. शेवटच्या आठवड्यात तिने तुझा हात धरून एवढंच सांगितलं होतं, मला दुसऱ्या कुणाच्या हातचं नको, तूच पोचव. तू मडकं धरलंस, अग्नी दिलास. दहाव्याला नदीवर घास ठेवला तर कावळा शिवेना. चुलतमामा म्हणाले, म्हातारीची काहीतरी इच्छा राहिली आहे, बोल काहीतरी. तू उन्हात उभी राहून म्हणालीस, "आई, विद्याला मी शेवटपर्यंत शिकवीन." आणि कावळा आला. परत येताना एसटीत मी विचारलं, आजीच आली होती का गं? तू म्हणालीस, "त्याला भूक लागली असेल बिचाऱ्याला." आणि मग तू खिडकीकडे तोंड करून रडलीस. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. तुझ्या श्रद्धेत त्या दिवशी मला कुठेही भेग दिसली नाही, आजही दिसत नाही. तू कुणापुढेही हात जोडले नव्हतेस, आईसमोर सोडून.

आता एक गोष्ट सांगते जी मी तुला कधी सांगितली नाही. हे सगळं पंचांपर्यंत कसं पोचलं, ते तू अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. मी पोचवलं. रविवारी शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या चंद्राबाईंनी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची? कुणी ताप सांगितला, कुणी परीक्षा सांगितली. मी हात वर केला आणि म्हटलं, माझ्या आईसाठी, ती रोज रडते. का रडते, त्यांनी मायेनं विचारलं, आणि मी मायेनंच सगळं सांगितलं. मडकं, अग्नी, कावळा, तेराव्याची पंगत. चंद्राबाईंनी डोळे मिटले होते ते उघडले. "कावळ्याला?" एवढंच म्हणाल्या. प्रार्थना मग झालीच नाही. पुढच्या आठवड्यात तुला बोलावणं आलं. त्या दिवसापासून मला वाटत आलंय की तुला माहीत आहे आणि तू माझ्यासाठी विचारत नाहीस. माहीत असेल तर मला तुझा आणखीच राग येईल, कारण तेव्हाच ओरडली असतीस तर मी अकरा वर्षं हे पोटात घेऊन हिंडले नसते.

मग तुला शिस्तीखाली घेतलं. किती सभ्य शब्द आहे बघ. माफी लिहून देईपर्यंत प्रभुभोजनाची भाकर नाही, पेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. महिन्याच्या पहिल्या रविवारी तू दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचीस. भगवंतराव पेल्यांचं तबक घेऊन ओळीओळीने यायचे आणि तुझ्याजवळ आले की तबकावर पांढरा रुमाल टाकायचे, जसा आपण माशी बसू नये म्हणून टाकतो. तीन पाळकसाहेब बदलले, रुमाल बदलला नाही. आणि तो रुमाल धुवायचं काम कुणाचं? तुझं. उपासना संपली की ते सगळे इवलेसे पेले मागच्या मोरीवर तू धुवायचीस, कारण दुसरं कुणी पुढे येत नव्हतं आणि तुझ्या हातून एकही फुटत नव्हता. बाईची सेवा चांगली आहे, असं पंच म्हणायचे. तुझ्या ओठांना पेला लागलेला चालत नव्हता, पण त्यांच्या ओठांचा उष्टा पेला तुझ्या हातांनी विसळलेला चालत होता. भगवंतरावांच्या सुनेच्या बाळंतपणात महिनाभर तिला न्हाऊमाखू घालायला तू गेलीस. मी कॉलेजातून घरी आले होते तेव्हा. मी दारं आपटत होते आणि तू डब्यात डिंकाचे लाडू भरत होतीस.

माझ्या दृढीकरणाच्या दिवशी, मला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळणार म्हणून, तू माझा पांढरा ड्रेस दोनदा इस्त्री केलास. मी पहिला पेला घेतला तेव्हा तू शेवटच्या बाकावर मान उंच करून बघत होतीस. तो मला गोड लागला, आई. मला अजून लाज वाटते की गोड लागला. त्या दिवशी मी तबक सोडून तुझ्याशेजारी येऊन बसायला हवं होतं. मी नंतर विचारलं, तुला राग कसा येत नाही? तू म्हणालीस, पेला त्यांचा आहे, प्रभू काही त्यांचा एकट्यांचा नाही. तुझं तेवढं वाक्य बॅगेत भरून मी बेंगळुरूला आले.

इथली मराठी संगती तुला सांगितली होती. सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी चार वाजता भरते. पुण्याचे, नगरचे, नागपूरचे, बहुतेक आयटीतले, गिटार घेऊन गाणारे, आराधनेनंतर समोसा खात ट्रॅफिकला शिव्या घालणारे. पहिल्या दिवशी भाकर आणि पेला फिरला तेव्हा मी सवयीने मागे वळून दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. बाकच नव्हते, प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. त्या दिवशी बसमध्ये जे. पी. नगर येईपर्यंत मी रडत होते. शेजारच्या बाईंनी काही न विचारता अर्धं संत्रं सोलून हातात दिलं. मला वाटलं, सापडलं. माणसं मोकळी असतात ती जागा सापडली.

विनोदकुमार अण्णा या संगतीचे पुढारी. त्यांचे आजोबा इथे येऊन राहिलेले, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी कन्नड, आणि मला ते तंगी म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. सहा रविवार ते एकाच विषयावर बोलले. बायबलमधल्या पौलाने एका मंडळीला रागावून पत्र लिहिलं होतं, ख्रिस्ताने तुम्हाला मोकळं केलंय तर पुन्हा मानेवर जू का घेता, म्हणून. मी वही भरून उतरवून घेतलं. आणि मग मी त्यांना भर संगतीत तुझी गोष्ट सांगितली आणि विचारलं, शार्दूलचं आणि माझं लग्न तुम्ही लावाल का? अण्णांनी नाही अशी मान हलवली. संगतीला परवाना नाही, ओळखीच्या एका चर्चमध्ये लावता येईल, पण त्यांना गावच्या मंडळीचा दाखला लागेल. दाखला देणार कोण? भगवंतराव, आणि तेही तुझ्या माफीनंतरच. "अम्मांना सांग, स्वल्प अड्जस्ट करा म्हणून. एक सही ना तंगी, किडनी तर मागत नाहीत." सगळे हसले. मीही हसले. मग अण्णा म्हणाले, आपण प्रार्थना करू. वीस-बावीस जण उठून उभे राहिले, एकमेकांचे हात धरले, आणि तुझं मन मऊ व्हावं, तुझा अहंकार गळून पडावा, म्हणून त्यांनी प्रार्थना केली. तुझा अहंकार! भगवंतरावांचं मन मऊ व्हावं असं एकाच्याही तोंडून आलं नाही. आणि शेवटी सगळ्यांबरोबर माझ्या तोंडून "आमेन" निघालं, सवयीने.

तेराव्या वर्षी केलेली चूक मी चोविसाव्या वर्षी जशीच्या तशी केली. प्रार्थनेच्या नावाखाली तुझी गोष्ट चारचौघांत मांडली आणि त्यांनी तिचा निकाल लावला. आपल्या लोकांत हे फार सोपं आहे. दुसऱ्याचं गुपित नुसतं सांगितलं तर ती चहाडी, डोळे मिटून सांगितलं तर ती विनंती.

पुढच्या रविवारी मी अण्णांना गाठलं आणि विचारलं, मग ते सहा रविवार कशासाठी होते? ते जरा चपापले. म्हणाले, "ते आतलं स्वातंत्र्य, तंगी. बाहेर तर सिस्टीम आहे." मी "सरी", म्हणजे बरं, म्हणून निघाले, पण पायऱ्यांवरून परत वळले. मी म्हटलं, अण्णा, तुम्हीच शिकवलंत की इतर जातीच्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणारा पेत्र आपल्याच लोकांना भिऊन त्या पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. ते भांडण आतलं होतं का? ते तर जेवणाच्या पानावरचं भांडण होतं. अण्णा म्हणाले, आधी लग्न होऊन जाऊ दे, मग सावकाश बोलू. वाईट माणूस नाही तो, आई. माझ्या तापात त्याच्या बायकोने चार दिवस गंजी, म्हणजे आपली पेज, पाठवली होती. पण त्याला भगवंतरावांची भीती वाटते, त्यांना कधी न बघता. मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर याची, की त्याचं वाक्य आणि तुझं वाक्य जवळजवळ एकच आहे. आत मोकळं असावं, बाहेर सही करावी. तो ते भीतीने म्हणतो आणि तू मायेने म्हणतेस. मला दोन्हींतला फरक कळतो, पण माफीच्या कागदावर तो कुणाला दिसणार आहे?

आमच्या पीजीची मालकीण कृष्णवेणी अक्का तुला माहीत आहे, गीझर वीस मिनिटांवर गेला की दारावर थाप मारणारी. मागच्या आठवड्यात टेबलावर चुरगळलेल्या कागदांचा ढीग बघून तिने विचारलं, कसला अर्ज लिहितेस, नोकरी गेली का? मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये तिला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, आईला लेकीने अग्नी द्यायचा नाही तर काय महानगरपालिकेने द्यायचा? मग म्हणाली, तुमच्या देवाने माफ केलंय म्हणता, तर हे सहीचं काउंटर कुणी उघडलंय? मला हसू आलं आणि लगेच राग आला. आपली मंडळी जे अकरा वर्षं बोलली नाहीत ते हिने दोन वाक्यांत बोलून टाकलं आणि बाथरूममधली बादली कुणी हलवली म्हणून ओरडत निघून गेली.

शार्दूलचंही सांगते. व्हिडिओवर बघून तू म्हणाली होतीस, मुलगा चांगला आहे, दात जरा पुढे आहेत. तोही आधी म्हणाला, चार ओळी तर आहेत, लिहून दे ना. त्याच्या घरी नागपूरला चर्च ठरवूनच सगळं चाललं होतं. आम्ही तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी तो स्वतः आला. त्याने तो नमुना फोनवर आपल्या आईला वाचून दाखवायला घेतला होता, "माझ्या आईच्या मरणानंतर" इथपर्यंत आला आणि त्याला पुढे वाचता येईना. त्याच्या आईने विचारलं, हे कुणाला लिहायला लावतायत रे? तो म्हणाला, तुझ्या विहिणीला. त्या म्हणाल्या, असल्या कागदावर लागलेलं लग्न आपल्याला नको.

हे मी तुला फोनवर का सांगितलं नाही, तेही ऐक. फोनवर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मी तो नमुना भरून दिला असता. म्हणून करून झाल्यावर लिहिते आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर पंच बसणार आणि तुझा कागद सगळ्यांसमोर वाचला जाणार. गेल्या शुक्रवारी मी त्यांना रजिस्टर पोस्टाने माझं पत्र पाठवलं. तेराव्याच्या पंगतीत मीही होते, पण मला कुणी कधी विचारलं नाही. मी लिहिलं की माझ्या पत्रावळीवर बुंदी होती, ती मी खाल्ली, परत मागून घेतली, आणि तिचा मला अजून पश्चात्ताप झालेला नाही, तेव्हा शिस्त लावायची तर मायलेकी दोघींना लावा. काल शार्दूलने आणि मी इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली. महिनाभराने तारीख मिळेल, तू आधी आठ दिवस येऊन राहा, अक्काला मी सांगून ठेवलंय. आता माझ्या लग्नासाठी तुझी सही कुणालाही लागणार नाही. तरीही रविवारी तुला ती करावीशी वाटली तर कर. मी भांडणार नाही, कारण मग ती खरोखर तुझी असेल, आणि कदाचित माझ्या प्रश्नाचं उत्तर तूच मला दाखवशील. पण माझं नाव पुढे करून तुला वाकवणं मी बंद केलंय. चर्चमध्ये लग्न लावण्यासाठी पंचांकडे केलेला दाखल्याचा अर्ज मी त्याच पत्रात मागे घेतला, आणि पोस्टाच्या साइटवर दिसतंय की ते पत्र आज सकाळी पंचांच्या हाती पडलं आहे.

तुझीच,
विद्या